दस्तूचा गुडघा आणि माझी अर्धी मिशी

"बापूच्या टपरीपासून त्या विजेच्या डीपीपर्यंत उकिडवं बसून बदकासारखं चालत जायचं आणि तसंच परत यायचं," मी म्हणालो. "मधे उठायचं न्हाई, हात टेकायचा न्हाई. आणि हातातल्या ग्लासातला चहा सांडायचा न्हाई."

"आणि जमलं तर?" दस्तूनं विचारलं.

"तर माझी अर्धी मिशी इथंच, सगळ्यांसमोर उतरव. न्हाई जमलं तर तुझी."

"अर्धीच का? पुरी उतरवतो की."

"पुरी उतरवली तर माणूस नुसता बिनमिशीचा दिसतो. अर्धी उतरवली की बघणारा थांबून विचारतो."

एवढं ऐकल्यावर बापू हेरवाड्यानं गॅस बारीक केला आणि टपरीच्या बाहेर येऊन उभा राहिला. पैज पक्की झाली.

ही अकरा वर्षांपूर्वीची, एका रविवार सकाळची गोष्ट. मी शिवलिंग कोरे. मिरजेत आमच्या गल्लीच्या तोंडाला माझं जळालेल्या मोटारी आणि पंखे भरून द्यायचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की मी गल्लीतल्या माणसांच्या खोड्या काढतो. एकदा आवटींच्या दाराची बेल मी अशी जोडली की ती बागवानांच्या घरात वाजायची आणि बागवानांची आवटींकडं. आठ दिवस दोन्ही घरं एकमेकांच्या पाहुण्यांना चहा पाजत होती. असले उद्योग.

दस्तगीर गवंडी माझा भिंतीला भिंत लागून शेजारी. पहिलीपासून एका बाकावर. फरशी बसवण्यात त्याचा हात मिरजेपासून विट्यापर्यंत कोणी धरत नसे. सबंध आयुष्य चवड्यावर गेलेलं. जेवायला उकिडवा, पेपर वाचायला उकिडवा. खुर्ची दिली तर खुर्चीवर पाय घेऊन उकिडवा. अशा माणसाशी ही पैज लावणं म्हणजे माशाशी पोहण्याची पैज लावणं, हे मला कळत होतं. पण रविवार होता आणि तोंड सुटलं होतं.

दस्तू निघाला तो असा, की खाली चाकं लावलीत. डीपीला वळसा घालून परत फिरला तरी ग्लासातला चहा हलत नव्हता. सगळी गल्ली टपरीपुढच्या बाकासमोर दाटी करून उभी होती. मी पंच म्हणून त्याच्या मागं मागं चाललो होतो. टपरी दोन हातांवर आली आणि मला माझी मिशी जाताना दिसायला लागली.

आवटींच्या घराच्या आणि माझ्या दुकानाच्या मधे एक बोळ आहे. सगळ्यांचे डोळे दस्तूवर होते तेवढ्यात मी त्यात शिरलो, तोंडापुढं दोन्ही हातांचा द्रोण केला आणि भुंकलो.

माझं भुंकणं साधं नाही. खरी कुत्री उत्तर देतात. आणि दस्तूला नवव्या वर्षी कुत्रं चावलेलं, पोटात चौदा इंजेक्शनं घेतलेली. मला माहीत होतं, कारण सरकारी दवाखान्याच्या रांगेत त्याचा हात धरून मीच उभा होतो.

तो गर्रकन मागं वळला. वरचं अंग वळलं, पाऊल जागच्या जागी राहिलं. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा आवाज आला. ग्लास उडाला, दस्तू कलंडला. आधी आम्ही सगळे हसलो. मग त्यानं उठायचा प्रयत्न केला, तर उजवा गुडघा अर्धवट वाकलेला तो सरळच होईना. दार चौकटीत अडकावं तसा अडकला. त्याच्या कपाळावर घाम आला आणि आमचं हसू थांबलं.

गल्लीत तेव्हा एकच कुत्रं होतं. कुठं बांधकाम चाललं की वाळूच्या ढिगावर बसून कामगारांकडं बघत राहायचं, म्हणून त्याचं नाव मुकादम. बापू म्हणाला, मुकादमानं घात केला. मीही बोळातून बाहेर येत म्हणालो, "व्हय, मुकादमच."

एवढे दोनच शब्द, पण पुढचे चार महिने ते माझ्या घशात मासळीच्या काट्यासारखे बसले.

आमच्या मिरजेत एक बरं आहे. रिक्षात बसून नुसतं कण्हलं तरी रिक्षावाला दवाखान्यातच नेतो. दस्तूला डॉक्टर मेघना कित्तूर यांच्याकडं नेलं. बाई किडकिडीत, बोलणं तुटक. एमआरआय बघून त्यांनी टेबलावरचा प्लॅस्टिकचा गुडघा उचलला आणि दोन हाडांमधली चंद्रकोरीसारखी चकती दाखवली. ही गादी. हाडावर हाड घासू नये म्हणून. दस्तूची गादी उभी फाटून बादलीच्या कडीसारखी मधे सरकली होती, म्हणून गुडघा अडकला होता.

वाटा दोन होत्या. फाटलेला तुकडा कापून काढायचा, म्हणजे दीड महिन्यात माणूस कामावर. पण तेवढी गादी कायमची गेली, आणि बेचाळीसच्या वयात, उकिडवं बसायच्या धंद्यात, पुढच्या काही वर्षांत गुडघा झिजणार. दुसरी वाट, गादी शिवायची.

"मग शिवा की," मी म्हणालो.

"शिवता येते," बाई म्हणाल्या. "पण गादीला रक्त फक्त बाहेरच्या कडेनं मिळतं. आत जाल तसं मिळत नाही. यांचं फाटलंय मधल्या पट्ट्यात. नुसते टाके घातले तर भरेलच असं नाही."

मग त्यांनी सांगितलं ते ऐकून मला वाटलं, आपली चेष्टा करतायत. दस्तूचंच थोडं रक्त काढायचं, काचेच्या भांड्यात घालायचं आणि काचेच्या कांडीनं सावकाश ढवळत राहायचं. रक्त कांडीला साकळतं आणि रबरासारखी गाठ होते. ती गाठ फाटलेल्या जागेत ठेवून वरून टाके घालायचे. जखम भरून आणणारं जे काही रक्तात असतं, ते जिथं पोचत नाही तिथं नेऊन धरून ठेवायचं. यंत्रात रक्त फिरवून, त्यातला ठरावीक भाग काढून इंजेक्शन देण्याचीही एक रीत आहे, पण या जखमेला त्यांना गाठ जास्त पसंत होती.

दस्तूनं विचारलं, याची हमी काय. बाईंनी सरळ सांगितलं, हमी नाही. नुसत्या टाक्यांपेक्षा संधी जरा जास्त असावी असं त्यांचं मत, आणि सगळ्याच डॉक्टरांचं तसं मत नाही.

दस्तूनं तो प्लॅस्टिकचा गुडघा हातात घेऊन वाकवून बघितला. त्याला कापून मोकळं व्हायचं होतं, मला दिसत होतं. विट्याला एका हॉलची फरशी त्यानं कबूल केली होती. मग एकदम म्हणाला,

"मॅडम, जुन्या कोब्यावर नवी फरशी धरत न्हाई. आधी छिन्नीनं टोचे मारायचे, पाणी मारायचं, सिमेंटचा रबडा ओतायचा, मग फरशी दाबायची. तसंच का हे?"

"तसंच. आम्हीही फाटलेल्या कडा आधी खरवडून घेतो."

"मग पटलं."

"आणि फरशी दाबल्यावर काय करता?" बाईंनी विचारलं.

"दोरी बांधतो. कुणाला पाय देऊ देत न्हाई."

"इथं दोरी चार महिन्यांची," बाई म्हणाल्या. "पहिले सहा आठवडे कुबड्या आणि पट्टा. आणि चार महिने उकिडवं बसायचं नाही. एकदाही. टाका तिथंच तुटतो."

दस्तूचं तोंड असं झालं, की कोणी त्याला चार महिने श्वास घेऊ नको म्हणून सांगितलंय.

ऑपरेशनच्या दिवशी मी आणि दस्तूची बायको जुलेखाभाभी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. भाभींच्या हातात तसबीह. मणी सरकत होते, मी छताचा पंखा बघत होतो. त्याचं बेअरिंग गेलं होतं. दोनदा मी तोंड उघडलं, की भाभी, एक सांगायचं होतं. दुसऱ्यांदा त्यांनी पिशवीतून केळं काढून माझ्या हातात ठेवलं. म्हणाल्या, "खावा, शिवाभाऊ. सकाळपास्नं उपाशी हाय तुम्ही. तुमच्यासारखा शेजारी नसता तर कुणाकडं बघितलं असतं आम्ही." ते केळं कसं गिळलं ते मलाच ठाऊक.

ऑपरेशन नीट झालं. महिनाभर दस्तू शहाण्यासारखा वागला. मशिदीत मागच्या ओळीत म्हाताऱ्यांच्या शेजारी खुर्चीवर बसून नमाज पढायचा आणि घरी येऊन चिडचिड करायचा, की म्हातारे मला संधिवाताची औषधं सांगतात. पाचव्या आठवड्यात दुखणं थांबलं आणि खरं दुखणं सुरू झालं. टपरीवर येऊन त्यानं जाहीर केलं, की आता दुखत नाही, म्हणजे भरलं. स्वतःचं रक्त घातलंय, परक्याचं नव्हे. पुढच्या सोमवारी विट्याला जाणार.

त्याच दिवशी दुपारी भाभी आमच्या घरी आल्या. माझी बायको महानंदा भाकरी थापत होती, तिच्याजवळ बसून रडल्या. कपडे वाळत घालून घरात आल्या तर दस्तू न्हाणीघरात पट्टा सोडून, भिंतीला धरून बसायची तालीम करत होता. अर्धा वाकला होता. "डॉक्टरांचं ऐकत न्हाईत, माझं ऐकत न्हाईत. तुम्ही सांगा, भाऊ."

मी सांगून काय होणार होतं. पहिलीपासून त्यानं माझं एक ऐकलं नव्हतं. पण एक होतं. पहिलीपासून त्यानं माझी एक पैज नाकारली नव्हती.

संध्याकाळी टपरी भरलेली बघून मी मोठ्यानं म्हणालो, की दस्तगीर गवंडी हा माणूस डॉक्टरांचे चार महिने पुरे होईपर्यंत उकिडवं बसल्याशिवाय राहूच शकत नाही. त्याच्या अंगात तेवढी धमक नाही. बसल्याचं एकानं जरी बघितलं तरी त्याची अर्धी मिशी माझी. आणि राहिला, तर माझी अर्धी त्याची.

"आधीच्या पैजेचं काय?" दस्तूनं विचारलं.

"ती कुत्र्यानं मोडली. ती रद्द."

त्यानं हातातला ग्लास बाकावर ठेवला. मग म्हणाला, "बरं. कुत्र्यानं मोडली." आणि हात पुढं केला. सोमवारी विट्याला दस्तूचा भाचा गेला, दस्तू घरी राहिला.

मग काय, माझ्या अंगात आलं. दस्तूच्या दाराला मी त्याचीच दोरी आडवी बांधली, फरशी ओली असताना तो बांधायचा तशी. पायाच्या पट्ट्यावर पाटी लावली, 'काम चालू आहे, पाय देऊ नये'. पट्टा निघाला तेव्हा पाटी काठीला अडकवली. ती पाटी घेऊन तो भाजी मंडईत फिरून आला आणि भाजीवाल्या बायकांनी त्याला वाट करून दिली. सगळ्या गल्लीला मी राखणीवर बसवलं. आवटी खिडकीतून, बागवान गच्चीवरून, बापू टपरीवरून. दस्तू घरातून निघाला की शिट्टी. कुठं जरा वाकला की चार घरांतून खोकला. लोकांना वाटायचं, शिवाण्णाला मिशीची काळजी. मी तसंच वाटू देत होतो.

पण दाखवायला तरी जिंकायचा प्रयत्न करायला हवा होता. नाहीतर दस्तूला संशय आला असता. तिथं माझं डोकं वाकडं चाललं. तिसऱ्या महिन्यात मी दुकानापुढं सहा फरशा स्वतःच्या हातानं बसवल्या. मुद्दाम वाकड्या. एक वर, एक खाली, सांधे असे की त्यातून उंदीर जावा. मला वाटलं, दस्तू लांबून बघेल, जीव जळेल, गल्ली हसेल, एवढंच.

दस्तू आला, थांबला. वाकडी फरशी त्याला कशी दिसते ते सांगता येत नाही. आईच्या फोटोवर कोणी चिखल मारावा तशी. त्यानं काठी भिंतीला टेकवली. तोंडानं पुटपुटत तो पुढं झाला, एक हात सांध्याकडं गेला आणि गुडघे वाकायला लागले. त्याला पैज आठवत नव्हती, डॉक्टर आठवत नव्हत्या. अर्ध्यापर्यंत आला होता.

"दस्तू, बसू नको!" मी ओरडलो. हातातली तांब्याची तार टाकून धावलो आणि त्याला काखेत धरून वर उचललं. 

सगळी गल्ली बघत होती. ज्याला पैज जिंकायची होती, तोच हरणाऱ्याला सावरत होता. बापूच्या हातातली चहाची गाळणी तशीच वर राहिली. मी काहीतरी सारवासारव केली, की इथं माझ्या दारात बसलास तर लोक म्हणतील शिवानं फसवलं. कोणाला पटलं नाही. दस्तूनं मात्र काठी उचलली. शांतपणे माझं स्टूल ओढलं, त्यावर बसला आणि काठीनं पहिल्या फरशीवर टकटक केलं.

"काढ ही. सगळ्या काढ. तू बस खाली, मी सांगतो."

त्या दिवशी मी सकाळपासून ऊन कलेपर्यंत उकिडवा बसून सहा फरशा बसवल्या. काढल्या, पुन्हा बसवल्या. जरा तिरकी गेली की काठी टकटक करायची. माझ्या मांड्या पेटल्या, पाठ धरली. तिसऱ्यांदा रबडा कालवताना कळलं, हा माणूस तेरा वर्षांचा असल्यापासून हे करतोय. आणि ते मी एका भुंकण्यात घालवायला निघालो होतो.

चार महिने झाले. तपासणीला मी, भाभी आणि दस्तू तिघं गेलो. बाईंनी त्याला झोपवून गुडघा वाकवला, फिरवला, दाबला, कान जवळ नेला. दस्तूच्या तोंडाकडं मी बघत होतो, कळ येते का म्हणून. आली नाही. नव्या एमआरआयची पट्टी त्यांनी उजेडावर धरली आणि इतका वेळ बघितली, की माझं बनियन घामानं भिजलं.

"भरलंय," त्या म्हणाल्या.

भाभींनी पदरानं तोंड झाकलं. मी विचारलं, रक्ताच्या गाठीनं भरलं ना. बाई म्हणाल्या, गाठीनं, टाक्यांनी की चार महिने न बसण्यानं, हे वेगळं करून सांगता येत नाही. पण यांनी दोरी पाळली, एवढं नक्की. अजून दोन महिने वजन उचलून बसायचं नाही. नुसतं बसायला हरकत नाही, आधार धरून, सावकाश. हवं तर आत्ता माझ्यासमोर बसून बघा.

"इथं नको, मॅडम," दस्तू म्हणाला. "पहिल्यांदा कुठं बसायचं ते माझं ठरलंय."

बापूच्या टपरीच्या पायरीवर मला बसवलं. आवटी आरसा घेऊन आले, बागवानांनी घरातून वस्तरा आणला, कोणीतरी माझ्या गळ्यात बापूचा चहाचा पंचा बांधला. महानंदा दारात उभी राहून हसत होती, इतकी की तिला चौकट धरायला लागली. चार महिन्यांपूर्वी होती तितकीच गर्दी.

दस्तूनं काठी बाजूला ठेवली, बाक धरला आणि खाली बसायला लागला.  गुडघा वाकत गेला, वाकत गेला. मांड्या पोटऱ्यांना टेकल्या. दस्तू माझ्यासमोर उकिडवा बसला, जसा बेचाळीस वर्षं बसत आला होता. बाकावरचा हात सोडला. मग त्यानं श्वास सोडला, आणि मला वाटतं सगळ्या गल्लीनंच सोडला.

साबण लावून त्यानं माझ्या डाव्या मिशीवर वस्तरा टेकवला आणि फक्त मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलायला लागला.

"हलू नको, कापेल. त्या दिवशी मुकादम कुठं होता, सांगू?"

मी डोळे मोठे केले. वस्तरा ओठावर असताना माणूस दुसरं काय करणार.

"इथं. ह्या बाकाखाली. तुम्ही सगळे उभे होता, तुम्हाला काय दिसणार. मी असा बसलेलो, आत्ता बसलोय तसा. तुमच्या पायांमधनं माझं तोंड आणि त्याचं तोंड समोरासमोर. गाढ झोपला होता. आणि भुंकणं आलं पाठीमागनं, बोळातनं."

वस्तरा सरकला. माझी अर्धी मिशी पंच्यावर पडली. त्यानं पातं पुसलं तेव्हा कुठं मला तोंड उघडता आलं.

"पहिल्या दिवसापास्नं माहीत होतं? मग बोलला का न्हाईस?"

"बोललो असतो तर तू माफी मागून मोकळा झाला असतास," दस्तू म्हणाला. "मग चार महिने माझी राखण कुणी केली असती? मला माझी खात्री नव्हती, शिवा. जुलेखा पण म्हणाली, राहू दे त्याला तसाच, लई कामाला येतोय."

मी भाभींकडं बघितलं. त्या पदराआड हसत होत्या. ते केळं मला पुन्हा आठवलं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. साबण गेला म्हणून सांगितलं. दस्तूनं आरसा माझ्यापुढं धरला. उजवीकडं जुना शिवलिंग कोरे, डावीकडं कोणीतरी नुकताच पकडलेला माणूस. गल्ली फिदीफिदी हसत होती.

मग दस्तू बाकाला धरून, कोणाचीही मदत न घेता, सावकाश उठून उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "मिशी दुसऱ्या पैजेची झाली. पहिली राहिलीय. ती पण आजच फेडायची."

"फेडतो की," मी म्हणालो. "काय करू?"

"भुंक. त्या दिवशी भुंकलास तसं."

हसणं थांबलं. बापूनं माझ्याकडं बघितलं, मग बोळाकडं, मग परत माझ्याकडं. चार महिने मुकादमाला शिव्या घातलेली सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. मी उठलो. गळ्यात पंचा, तोंडावर अर्धी मिशी. तोंडापुढं दोन्ही हातांचा द्रोण केला आणि भर गल्लीत, भर उजेडात, छाती भरून भुंकलो.

बाकाखालून मुकादमानं मान बाहेर काढली. माझ्याकडं एकदा नीट बघून घेतलं, आणि परत डोळे मिटले.